चार थंड प्लग

आमच्या ह्यांना सगळे मेकॅनिक 'कानवाले' म्हणतात. बॉनेट उघडायच्या आधीच, नुसतं ऐकून, कुठला सिलिंडर आजारी आहे ते हे सांगायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली, की गिऱ्हाइकं श्वाससुद्धा हळू घ्यायची. एकतीस वर्षं ह्या कानांवर आमचं घर चाललं. आणि वर्षभरापासून ह्यांना दाराची बेल ऐकू येत नाही.

मोबाईल वाजलेला कळत नाही, मी स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या की पाचवीला "ओरडतेस कशाला?" अस्सा राग येतो! डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, "मला सगळं ऐकू येतं, तूच पुटपुटतेस." मी आणि पुटपुटते! माझा आवाज गल्लीच्या टोकाला जातो. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. गॅरेजात कुणाला कळलं नाही तोवर चालू दे. पण जीव मुठीत धरूनच बसायचे मी.

त्यात माझा धाकटा भाऊ आपला ट्रक घेऊन आला. छोटा, पेट्रोलचा, टर्बोवाला. घरदार त्यावरच चालतं त्याचं. टेकडीवरच्या बांधकामाला विटा पोचवायचं काम मिळालं होतं आणि चढाला गाडी रडत होती.

"दाजी, ट्यून टाकून द्या," म्हणाला. ट्यून म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्रॅम. एक डबी स्टेअरिंगखाली जोडायची, वीस मिनिटं थांबायचं, की तेच इंजिन जास्त जोर लावतं.

"डबी कुणीही जोडेल. आधी ठिणगीचे प्लग बदलायचे," हे म्हणाले. "जोर वाढला की आत आग वाढणार. ती आग अंगात धरून ठेवतो तो गरम प्लग, झटकून टाकतो तो थंड. आपल्याला एक पायरी थंड हवा. नाहीतर पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपलं आपणच पेटतं, इंजिन आतून ठोकायला लागतं आणि पिस्टनला भोक पडतं. मग बसा रडत."

"आणि ठोकतंय हे कळणार कसं?"

"कसं म्हणजे? कानाने!" ह्यांनी ऐटीत कानाला बोट लावलं.

दुकानदाराकडे नेहमीच्या कंपनीचे प्लग नव्हते, दुसऱ्या कंपनीचे होते. ह्यांनी डोळे मिटून एक नंबर वरचा मागितला. नंबर चढला की प्लग थंड, हा एकतीस वर्षांचा पाठ. पातळ पट्टी घालून चारही प्लगांची फट जराशी कमी केली, बसवले, डबी जोडली. हात अजून सोन्यासारखे आहेत, खोटं कशाला बोलू?

"चाचणीला मीही येते," मी म्हटलं.

"तू कशाला?"

"वारा खायला."

मागे विटा, पुढे आम्ही तिघं, मी मधे. सपाटीवर गाडी झकास पळाली. पूल ओलांडून चढ लागला, भावाने पाय दाबला, आणि मला ऐकू आलं. बारीक आवाज, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे समाधानाने मान डोलवत होते.

"दाजी, काही वाजतंय का?" भावाने विचारलं.

"कुठे काय? विटा असतील. दाब तू."

त्याने दाबलं. का नाही दाबणार? आपल्या कानापेक्षा दाजींच्या कानावर त्याचा विश्वास जास्त. खडे जोरात वाजायला लागले. बोलावं, तर भावासमोर नवऱ्याची लाज जाते. गप्प बसावं, तर भावाचं इंजिन जातं. इकडे आड, तिकडे विहीर!

"थांबव! मला मळमळतंय!"

"अगं ताई, चढावर?"

"थांबव म्हणते ना! नाहीतर तुझ्या सीटवरच होईल!"

थांबवली बिचाऱ्याने. तो चाकांमागे विटा लावायला उतरला, तशी मी ह्यांची बाही धरली. "अहो, इंजिन ठोकतंय. पुलापासून."

"काहीतरीच काय..."

"त्यालाही ऐकू आलं. तुम्हालाच नाही."

हे खाली उतरले. मग भावाला म्हणाले, "हिला बरं वाटेपर्यंत एक प्लग बघून घेतो." इंजिन निवू दिलं. प्लग काढला. टोक जळून पांढरंफटक, वर बारीक बारीक ठिपके. ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. घाईघाईने नव्या प्लगांचं रिकामं खोकं उलटंपालटं करून वाचलं.

"ह्या कंपनीचं उलटं असतं," पुटपुटले. "नंबर चढला की प्लग गरम. जगाला सांगत फिरतो मी, कंपनी बदलली की आधी तक्ता बघा म्हणून!"

बाकीचे प्लगही काढले आणि मोबाईलचा उजेड पाडून चारही भोकांतून आत पाहिलं. मी देवाचा धावा करत होते. पिस्टन शाबूत होते. जुने प्लग सीटखाली हत्यारांच्या पेटीत होते, ते बसवले. डबी जोडून जुना प्रोग्रॅम परत भरला. भावाला सांगितलं, "माझी चूक झाली. नंबर चुकला. योग्य ते मागवून घालून देतो." इतकं सरळ सांगून टाकलं की मलाच भरून आलं.

भाऊ विटांवरचा दोर आवळायला मागे गेला. मग ह्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. आपण अगदी हळू बोलतोय, असं ह्यांना वाटत होतं.

"मला ठोका ऐकू आला नाही गं. एकदासुद्धा नाही. त्याला कळू देऊ नकोस."

अख्ख्या टेकडीला ऐकू गेलं असेल. मागे भावाचे हात दोरावरच थांबले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान खाली घातली.

तो पुढे आला, ह्यांच्या समोर, ओठ दिसतील असा उभा राहिला, आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्याने म्हणाला, "दाजी, काय म्हणालात? मला काही ऐकू आलं नाही."