वकीलबाईंचं अपील

राग आला की वकीलबाईंचा आवाज खाली यायचा. ऐकायला समोरचा पुढे झुकायचा आणि ऐकल्यावर मुकाट मागे सरकायचा.

नवरा सरकारी पोलाद कारखान्यात अधिकारी, घर कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये. बाईंचं ऑफिस मात्र सुपेल्याच्या बाजारात, टायरच्या दुकानाच्या वर. आमचा खाजगी ओतकाम कारखाना दिवाळखोरीत गेला तेव्हा मी तिथे पोचलो. मी सुपरवायझर होतो, पगार कधीचा थांबला होता. मी खाली बघत बोलत होतो. त्यांनी अडवलं.

"तू कावून मान खाली घालून राहिला? कंपनी तू बुडवली का?"

त्या इतर देशांचे कायदे वाचायच्या आणि वाचून अधिकच संतापायच्या. जर्मनीत मालक बुडाला तर थकलेल्या पगारापैकी काही महिन्यांचा सरकारी निधीतून मिळतो. फ्रान्समध्येही त्यासाठी वेगळा निधी आहे. आपल्याकडे निधी नाही, रांग आहे. कारखाना मोडीत निघाला तर त्या रांगेत कामगार बँकेच्या बरोबरीने उभा, सुपरवायझर त्याच्या मागे. आणि कारखाना कोणाला द्यायचा, या बैठकीत मत कर्ज देणाऱ्यांनाच. "ज्यानं भट्टीपुढे उमेदीची वर्षं जाळली त्याले मत नाही," त्या म्हणायच्या, "हा कायदा कोणासाठी लिहिला, ते समजून घे."

नवा मालक आला. कामगारांना थकबाकीतला तुकडा, सुपरवायझरांना काहीच नाही. सगळ्यांना परत घेणार, पण नवीन भरती म्हणून. जुनी नोकरी पुसून. जर्मनीत कारखान्याबरोबर माणसाची जुनी नोकरीही नव्या मालकाकडे जाते. बाई म्हणाल्या, "मशीन जुन्या वयासकट घेतली आणि माणूस तेवढा नवा करून घेऊन राहिले."

त्यांनी आम्हा सगळ्यांच्या वतीने हरकत घेतली. त्यावर मालकाच्या वकिलाने सुचवलं, सुपरवायझरांचा दावा सोडा, कामगारांचा हिस्सा वाढवतो. बाईंनी ते लपवलं नाही, मरोदा वस्तीतल्या आमच्या सभेत जसंच्या तसं सांगितलं. मग भट्टीवरचा कामगार देवांगन उठला आणि म्हणाला, वाढीव नको, सगळे एकत्रच लढू. बाईंनी चष्मा काढून पुसला.

ऐन उन्हाळ्यात, स्लीपरच्या डब्यात आमच्याबरोबर बसून त्या दिवाळखोरीचे खटले चालतात त्या कटकच्या न्यायाधिकरणात गेल्या. तिथे हरलो. कर्ज देणाऱ्यांनी व्यवहार पाहून ठरवलं, त्यात हात घालता येत नाही, असं उत्तर मिळालं. बाईंनी दिल्लीला अपील केलं. आम्हाला म्हणाल्या, पोटासाठी कामावर जा, पण भरतीच्या कागदावर सही करताना 'हक्क राखून' असं लिहा. आम्ही लिहिलं.

पुढे त्यांना कॅन्सर झाला. उपचारांच्या मधल्या दिवसांतही त्या अपिलाचे कागद तपासत. तारखा पडत राहिल्या. मालकाला घाई नव्हती. बाईंकडे मात्र वेळ नव्हता.

त्या गेल्या त्या सकाळी क्वार्टरसमोर आम्ही सगळे उभे होतो. नव्या मालकाचा मॅनेजर मोठं पुष्पचक्र घेऊन आला. बाईंचे यजमान अबोल माणूस. आमच्याशी कधी चार शब्द बोलले नव्हते. ते पायऱ्या उतरून त्याच्यासमोर गेले.

"हे वापस घेऊन जा," ते म्हणाले. "तिचं अपील अजून चालू हाये."