शेठजींची संमती

माझ्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, गिरगावातला छापखाना बुडाला, पण त्यांनी दिवाळखोरी पत्करली नाही. कोर्टामार्फत तडजोड केली. सगळ्यांचं देणं हप्त्याहप्त्याने फेडायचं, आणि ते फिटेपर्यंत त्या सगळ्यांच्या संमतीशिवाय कुठल्याही धंद्यात पडायचं नाही, अशी अट होती. तेव्हापासून दादा इतके सरळ वागू लागले की आम्हाला कंटाळा यायचा. सणाला घरात बासुंदी झाली तरी म्हणायचे, "लोकांचे पैसे आहेत हे."

अशात परळच्या मामाने खोक्यांच्या कारखान्याची लिमिटेड कंपनी काढली आणि दादांना डायरेक्टर व्हायला बोलावलं. शेजारच्या काकूंनी तर "पिक्चर कुठला?" असंच विचारलं. आई कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. दादांना पुन्हा कोट घालून, मान वर करून कामाला जाताना तिला बघायचं होतं. पैशांपेक्षा तिला त्या मानेचीच काळजी होती.

बाकीच्यांनी संमती दिली. राहिले भुलेश्वरचे कागदवाले शेठजी. त्यांचंच देणं सर्वांत मोठं. शिवाय ते गुजराती, आणि दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. 'झालाच पाहिजे'च्या आरोळ्यांनी गिरगाव दणाणायचं, दोन्हीकडची डोकी तापलेली. दादा एकही सभा चुकवत नसत आणि सदऱ्यावर कायम चळवळीचा बिल्ला.

"निदान आज तरी काढा तो," आई म्हणाली.

"मागायला जायचं म्हणून लपवू होय?"

माझे दादा हट्टी होते, आणि मला ते तसेच आवडायचे. शेवटी आईने मला त्यांच्याबरोबर धाडलं. पोरीसमोर शेठजी तोंड टाकणार नाहीत, असा तिचा होरा.

शेठजी गादीवर बसले होते. दादांचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं, पण नजर बिल्ल्यावरच. मी दादांचा हात घट्ट धरला.

"मुंबई तुमाला पायजे," शेठजी म्हणाले.

"हो." दादांचा आवाज बारीक झाला होता, पण म्हणाले.

"घ्या. पन माझा हप्ता तर माझाच ने?"

"तुमचाच. आजवर चुकवलेला नाही."

"तेच तर बोलते मी. मोर्च्याच्या दिवशी आखा बाजार बंद, आनि तुमी मागच्या दाराने हप्ता घेऊन आला." एवढं बोलून त्यांनी संमतीच्या कागदावर सही ठोकली.

दादांनी हात जोडले. आम्ही पायऱ्या उतरत होतो तेवढ्यात मागून हाक आली. वळून बघतो तर शेठजी गादीवर उभे, सभेत करतात तशी मूठ वर.

"महाराष्ट्राचा तुमी बघून घ्या. डायरेक्टर तर झालाच पायजे!"

दुकानातले गुमास्ते हसले, दादाही हसले. मग आम्ही चालत ठाकूरद्वारला, घरी आलो. आई दारातच उभी होती.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

दादांनी नुसता संमतीचा कागद तिच्यापुढे धरला आणि माझ्याकडे बघितलं. मग मीच मूठ वर केली आणि शेठजींच्या मराठीत, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली.