ओठ मिटून करायचे गणित

निजामाच्या राजवटीत पूर्णेच्या शाळेत गणित उर्दूतून आणि मनातल्या मनात करावे लागे. बोरीहून आलेला माझा सोबती दिडकीचा, म्हणजे दीडपटीचा, पाढा मोठ्याने म्हणत शिकला होता. ओठ हलले की त्याचे उत्तर बिनचूक येई. मास्तरांना ती पुटपुट अडाणीपणाची वाटे. "मुँह बंद!" म्हणत त्यांनी त्याला दातांत पेन्सिल धरायला लावली. ती पडली की छडी बसे. वर्षभर हे चालले. मी शेजारी बसून निमूटपणे आपली उत्तरे लिहीत राहिलो.

नापास झालास तर शाळा बंद, असे वडिलांनी त्याला बजावले होते. परीक्षेत त्याची पाटी कोरी राहिली. वडील शाळेत आले.

"मास्तरसाब, घरी तर लय भराभर सांगतंय की पोरगं. इचारू का?"

"पूछो," मास्तर हसले.

"पंधरा दिढे किती रे? मोठ्यानं सांग."

मोकळीक मिळूनही त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसून राहिले. पेन्सिलीची गोष्ट वडिलांना मी सांगायला हवी होती. त्याने माझ्याकडे पाहिलेही. मी मान खाली घातली.

"चल," एवढेच वडील म्हणाले.