शाळेचं धुराडं

मास्तर लोकांचा मूर्खपणा मुद्दाम गोळा करावा लागत नाही. चार वर्षं एका स्टाफरूममध्ये बसा, तो आपोआप साठतो. महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हा मी सुलतानपूरच्या शाळेत गणित शिकवायचो. माझ्याजवळचा निम्मा साठा एकट्या धुराड्याचा आहे.

शाळेत लोहारकामाचा तास सुरू झाला आणि शिकवायला गावातलेच सीताराम मिस्त्री टेंपररी घेतले. डांबराचं पिंप अर्धं कापून, आतून माती थापून त्यांनी भट्टी केली. भाता स्वतःच्या घरून आणला. बुलढाण्याहून साहेब तपासणीला येणार होते. काम पसंत पडलं तर मिस्त्री परमनंट, नाही तर घरी. पन्नाशीचा माणूस, रोज धुतलेलं धोतर नेसून वेळेच्या आधी हजर. त्यांना ती नोकरी फार हवी होती.

अडचण एकच, टिनाच्या खोलीत धूर कोंडायचा. धुराडं बसवायला मिस्त्रींना दोन दिवस पुरले असते. पण आम्ही शिकलेले होतो ना!

*

आमच्या सायन्सच्या जोशीसरांनी आधी फळ्यावर सिद्ध केलं की गरम हवा वर जाते. तासभर! मिस्त्री म्हणाले, धूर वरच जाते सर, त्याले फक्त वाट पाह्यजे. जोशीसरांनी त्यांना शिक्षण विचारलं. चौथी, असं उत्तर आलं आणि चर्चा संपली.

*

मग रॉकेलचे डबे कापून नळकांडं करायचं ठरलं. मिस्त्री सांगून दमले की जोडाला रिबिट मारा, कथील टिकणार नाही. जोशीसरांना कथलाचाच डाग हवा होता, तो सफाईदार दिसतो म्हणे.

भट्टी पेटली, भाता चालला. पाव तासात कथील पाझरलं आणि एकेक डबा सुटा होऊन खाली आला. एक जोशीसरांच्या पायावर. लंगडत बाहेर येऊन ते आम्हाला म्हणाले, "कोळसाच जरा तापट निघाला."

*

दुसरं नळकांडं मिस्त्रींनी रिबिट मारून केलं. आता छपराला भोक पाडायचं. हेडसर खुर्चीतून उठलेच. छप्पर सरकारी! परवानगी हवी. अर्ज एस.टी.नं बुलढाण्याला गेला. महिन्यानं उत्तर आलं, भोकाचा नकाशा तीन प्रतींत पाठवा.

नकाशा मी काढला. एक गोल, खाली हेडसरांची सही. त्यावर पुन्हा विचारणा आली की पावसाळ्यात सदर भोक बंद राहील काय. या माणसांच्या हाती आपण पोरं सोपवतो.

*

परवानगी येईपर्यंत काय करायचं? हेडसरांनी हुकूम काढला, नळकांडं उभं करा, पण छपराच्या चार बोटं खाली थांबवा. भोक नाही म्हणजे नियम मोडला नाही.

धूर नळकांड्यातून वर गेला, टिनाला आपटला आणि सगळा खाली आला. हेडसर डोळे पुसत म्हणाले, "पण आता कसा शिस्तीत येतो!"

*

तपासणीच्या दिवशी सकाळी मिस्त्री कोणाला न विचारता छपरावर चढले. टिन कापलं, नळकांडं हातभर वर काढलं, त्यावर टोपी बसवली.

साहेब आले. भट्टी अशी धडधडली की बघत राहावं, खोलीत धुराचा मागमूस नाही. मिस्त्रींनी त्यांच्यासमोर खुरपं घडवलं. साहेब खूश. म्हणाले, धुराडं झकास आहे, कोणी केलं?

हेडसर पुढे झाले. "माझ्याच मार्गदर्शनाखाली, साहेब." जोशीसरांनी मान डोलावली.

साहेबांनी वर बघितलं. "आणि हे भोक? परवानगी तर दिलेली नाही."

हेडसरांनी मिस्त्रींकडे बोट केलं.

सरकारी मालमत्तेचं नुकसान करणारा माणूस ठेवता येणार नाही, असं म्हणून साहेब वहीत शेरा लिहायला बसले. नकाशा माझ्या हातचा होता. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

मिस्त्रींनी खुरपं खाली ठेवलं. "म्हंजे धुराडं तुमचं अन् भोक माहं. बराबर हाय ना, सर?"

हेडसर म्हणाले, हो.

"मंग माहं मी बुजवून जातो."

ते वर चढले. नळकांडं उपसून अंगणात टाकलं, भोकावर टिनाचा तुकडा ठेवून चार खिळे ठोकले. खाली भट्टी लाल होती आणि साहेबांचा शेरा अर्धा. धूर भरायला लागला. मिस्त्री आत आले, आपला भाता सोडवून खांद्यावर घेतला, आणि जाताना दार नीट ओढून घेतलं.