कापड टाकलेला टीव्ही

बोट सुटताना आई धक्क्यावर रडली नाही. आपल्या मालवणीत एवढंच म्हणाली, "चेडवा, जपान र्‍हव. आमची काळजी करू नको." तिच्यामागे माझा धाकटा भाऊ वसू रुमाल हलवत होता. मी नर्सच्या नोकरीसाठी लंडनला निघाले होते, आणि हा पठ्ठ्या संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांत पुढे पुढे धावत होता. काळजी करू नको म्हणणं सोपं असतं.

लालबागच्या आमच्या चाळीत रेडिओ एकच, तळमजल्यावरच्या सावंतकाकांकडे. बातम्यांना अख्खी चाळ त्यांच्या दारात. मात्र चाळीत कुणी वारलं की काका रेडिओ बंद करून वर टॉवेल टाकत, तो सुतक फिटेपर्यंत. झाकलेला रेडिओ दिसला की आम्ही विचारायचो, "कोण गेलं?"

लंडनला घरमालकीण बाईंकडे टीव्ही होता. ड्यूटीवरून आले की त्या चहा द्यायच्या आणि आम्ही दोघी बघत बसायचो. घोड्यांच्या शर्यती, बागकाम, कुणाकुणाची गाणी. निम्मं कळायचं नाही, पण घरात माणसांचे आवाज असायचे. मागे राहिलेल्यांना वाटतं तिकडे मजाच मजा. होती की. पण भीतीही तितकीच होती, आणि परदेशी गेलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे.

एका संध्याकाळी बातम्यांत मुंबई दिसली. पळणारी माणसं, पोलिसांच्या लाठ्या, रस्त्यात पडलेल्या चपला. गोळीबारात माणसं मेली, असं तो निवेदक शांतपणे सांगत होता. प्रत्येक पांढऱ्या सदऱ्यात मला वसू दिसला. लगोलग घरी तार केली. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतले तर टीव्ही बंद, आणि त्यावर पांढरं कापड. बाईंनी चहाही विचारला नाही. तार आली असणार, आणि बाईंना सांगवत नाही. मी दारातच मराठीत विचारलं, "कोण गेलं?" आणि तिथेच मटकन खाली बसले.

बाई बिचाऱ्या घाबरल्या. टीव्ही बिघडला होता, दुरुस्तीवाला येईपर्यंत धूळ नको म्हणून त्यांनी कापड टाकलं होतं. मला रडू आवरेना. तार त्यानंतर आली. वसूच्या डोक्याला टाके पडले होते, पण तो जिवंत होता.

पुढे मी लंडनचीच झाले. लग्न, मुलं, स्वतःचं घर. मुंबईतही टीव्ही आला आणि वसूने तो घेतला. मग एकदा लंडनमध्ये बॉम्ब फुटला, आणि त्याचा ट्रंक कॉल आला.

"ताई, ठीक आहेस ना तू? इथे टीव्हीवर दाखवतायत."

मी म्हटलं, "अरे, घरीच आहे."

तो म्हणाला, "आपल्या घरी असतीस तर मी फोन कशाला केला असता?"