बाईंचे दगड आणि आबांचे तीन बोअर

बाई दगड चाटायच्या. हो, चाटायच्याच. उगाच शब्द मऊ करून सांगण्यात काही अर्थ नाही. वाटेत एखादा दगड आवडला की पदरानं पुसायच्या, जिभेचं टोक लावायच्या आणि त्या ओल्या ठिपक्याकडे डोळे बारीक करून बघत राहायच्या. "ओला केल्याशिवाय रंग कळत नाही, सर," असं मला म्हणायच्या. मी आपला इकडं तिकडं बघायचो, कुणी गावकरी येत तर नाही ना म्हणून.

कराडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, माळाच्या पायथ्याला आमची शाळा. मी तिथं मराठी शिकवतो. बाई विज्ञान शिकवायच्या. मूळच्या माधवनगरच्या, वडील तिथल्या गिरणीत कामाला होते. आमच्या गावात नोकरीला आल्या त्या निवृत्त होईपर्यंत इथंच राहिल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची गावात कुणाची छाती झाली नाही, माझी तर नाहीच नाही.

त्यांचं दुसरं एक वेड म्हणजे एकच प्रश्न. पोरगं काहीही सांगू दे, बाई मान तिरकी करून विचारायच्या, "बघितलंस, का ऐकलंस?" बेडूक आभाळातून पडतात, बाई. बघितलंस, का ऐकलंस? आमच्या विहिरीला पाताळातनं पाणी येतं. बघितलंस, का ऐकलंस? मी एकदा स्टाफरूममध्ये म्हणालो, यंदा दहावीचा पेपर सोपा होता म्हणे. तर माझ्याकडंही मान तिरकी झाली.

एका वर्षी एक पोरगा म्हणाला, "बाई, पवनचक्क्या ढग पळवत्यात, म्हून आपल्याकडं पाऊस न्हाई." आमच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून हे सगळ्या गावाचं मत. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वर्गाला कामाला लावलं. पावसाळाभर रोज दोन गोष्टी लिहायच्या: पठारावरची पाती फिरतात का, आणि वर्गाबाहेर ठेवलेल्या डब्यात पाणी किती. दिवाळीच्या आधी तोच पोरगा वही घेऊन उभा राहिला आणि पडेल तोंडानं म्हणाला, "बाई, पाती फिरत हुती त्या दिवशी बी पाऊस पडलाय की." बाईंनी त्याला एक गारगोटी बक्षीस दिली. मी मराठीचा माणूस, पण त्या दिवशी मलाही टाळी वाजवावीशी वाटली.

आता त्या दगडांचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथून सुरू होतं.

आठवीत आलेल्या प्रत्येक मुलानं आपल्या रानातला एक दगड आणायचा, हा बाईंचा रिवाज. विहिरीतला, बांधावरचा, नांगराला अडकलेला, कुठलाही. तो धुवायचा, चाटायचा (हो, मुलांनीही) आणि त्यावर कागद चिकटवायचा. कागदावर स्वतःचं नाव आणि रानाचं नाव. तुम्हाला ठाऊकच असेल, आमच्याकडं प्रत्येक तुकड्याला नाव असतं. थोरली पट्टी. पांदीकडचं. आंब्याचं टाळ. जांभा, काळा पाषाण, भोकाभोकांचा मांजऱ्या, पोटात पांढरे स्फटिक असलेले गोळे, सगळं गाव प्रयोगशाळेच्या मांडणीवर बसलं होतं. काही ठिकाणी बापाच्या दगडाशेजारी लेकीचा दगड, एकाच रानातला. सुट्टीवर आलेला एक फौजी एकदा थेट शाळेत आला. "बाई, माजा दगड हाय का वं अजून?" बाईंनी काढून दिला. त्या मिशाळ गड्यानं इकडं तिकडं बघितलं आणि पटकन चाटला.

असे किती दगड होते विचारू नका. बाईंची सगळी नोकरी त्या मांडणीवर होती.

आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष होते आबा. होते काय, आहेत. आबांना भाषणाची हौस. एका पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहून त्यांनी पवनचक्क्यांचा विषय काढला. "ह्या चक्क्यांनी आपलं ढग पळवलं! आपला पाऊस चोरला!" टाळ्या पडल्या. आणि आठवीच्या रांगेतून वैष्णवी नावाची एक किडकिडीत पोरगी हात वर करून उभी राहिली. "आबा, तुमी बघितलं, का ऐकलं?"

पोरं खदाखदा हसली. मागं उभे असलेले पालकही हसले. आबांनी पोरीकडं बघितलं नाही. बाईंकडं बघितलं. बाईंनी मान खाली घातली नाही. तिथंच ठिणगी पडली.

दिवाळीच्या सुट्टीत मुख्याध्यापक गावाला गेले आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे ठेवून गेले. बाई माधवनगरला बहिणीकडं गेल्या होत्या. एका सकाळी आबांचा मुकादम दारात. "सर, प्रयोगशाळंची किल्ली द्या. आबांनी साफसफाई करायला सांगितलीया."

मी दिली. कशाला, कुणी सांगितलं, लेखी आहे का, एक शब्द विचारला नाही. अध्यक्षांचं नाव ऐकलं आणि हात आपोआप खिशात गेला. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शाळेपुढं तेव्हा नव्या स्टेजचं बांधकाम चाललं होतं. त्याला भराव हवा होता. आबांचा माळ दगडांनी भरलाय, तिथून दोन ट्रॉल्या आल्या असत्या. पण नाही. मांडणीवरचा एकन् एक दगड त्या स्टेजच्या पोटात गेला आणि वरून कोबा झाला.

सुट्टीनंतर बाई प्रयोगशाळेत गेल्या. रिकाम्या मांडणीसमोर किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मी दाराशी गेलो तेव्हा त्यांनी मागं न बघता विचारलं, "किल्ली कुणाकडं होती?"

"माझ्याकडं."

त्यांनी पदर खोचला आणि रिकामी मांडणी पुसायला घेतली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गवंडी गावातलाच. त्याला बाईंनी गाठलं तेव्हा तो रडकुंडीला आला. "बाई, मला काय म्हाईत? धा-बारा पाट्या वतल्यावर एका दगडावर कागूद दिसला. वाचला तर माज्याच पोरीचं नाव. तवर निम्मं भरून झालं व्हतं वं."

त्या दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. बाई चहा न पिता म्हणाल्या, "सर, लोक म्हणतात सोडून द्यावं, माफ करावं. मला ते जमत नाही. मी काही मोठ्या मनाची बाई नाही. ह्याचं उट्टं मी काढणार."

खरं सांगू? मला आनंद झाला. त्यांच्यापेक्षा मलाच सूड जास्त हवा होता. अर्ज करा, पेपरात द्या, पालकांना घेऊन मोर्चा काढा, असं काहीबाही मी रोज सुचवायचो. बाई वह्या तपासत राहायच्या.

दोन वर्षांनी आबांनी माळाच्या माथ्यावर बंगला बांधला. बंगला झाला, पाणी नव्हतं. त्यांनी पाणाड्या बोलावला. पाणाड्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला, माळभर फिरला आणि बंगल्याच्या उजव्या अंगाला तो नारळ उभा राहिला. झालं, खूण करून टाकली. दुसऱ्या दिवशी आबा शाळेत आले आणि आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "काय बाई, तुमचं सायन्स काय म्हणतंय? लागंल का पाणी?"

बाईंनी चेष्टा चेष्टेवारी नेली नाही. सरळ उत्तर दिलं. "नाही लागणार, आबा. रस्ता फोडला तेव्हा त्या माळाचा कडा मी बघितलाय. खालपर्यंत एकसंध काळा पाषाण आहे, कुठं फट नाही. पाणी हवं असेल तर खाली ओढ्याकाठी उंबराजवळ मारा."

आबांचा चेहरा लाल झाला. "आता तर मी तिथंच मारनार. आन बाई, पोरांना घेऊन या बघाय. पाणी लागल्यावर टाळ्या वाजवाय पायजेत की कुणीतरी!"

"येते," बाई म्हणाल्या.

आणि त्या गेल्या. सगळी आठवी घेऊन गेल्या. तमिळनाडूची बोअरची गाडी माळावर लागली होती, नारळ फुटला, आबांनी मशीनला हार घातला. कुंपणाबाहेर लिंबाखाली आमची पोरं वह्या उघडून बसली. प्रत्येक नवा रॉड जोडला की एक पोरगं पळत जायचं आणि बाहेर पडलेल्या चुऱ्याची एक मूठ परीक्षानळीत भरून आणायचं. गाडीवरच्या माणसांना मराठी येत नव्हतं, पण पोरांना ते हसून मूठ मूठ देत होते.

राखाडी धूळ. पुन्हा राखाडी धूळ. मध्येच तांबडी धूळ आली तेव्हा पोरं ओरडली, "बाई, तांबडा थर!" आबांना वाटलं पाणी लागलं, धावत आले. पुन्हा राखाडी. संध्याकाळी आबांच्या मिशा, टोपी, हार सगळं पांढरं झालं होतं आणि पाण्याचा एक थेंब नव्हता.

आबा ऐकतात होय? आठवड्यानं डाव्या अंगाला दुसरा. मग बंगल्याच्या मागं तिसरा. उंबराचं नाव कुणी काढलं तर अंगावर जायचे. प्रत्येक वेळी गावभर बातमी आणि लिंबाखाली आठवीचा वर्ग. तिसऱ्या वेळी आबा कुंपणाशी येऊन ओरडले, "आवं बाई, हितं काय जत्रा हाय व्हय?"

"पाठ चाललाय, आबा. खडकांचे थर. पुस्तकात नुसतं चित्र आहे. आणि तुम्हीच बोलावलं होतंत."

वास्तुशांतीला टँकर आला.

त्या दिवशी मी बाईंना विचारलं, "तुम्ही मुद्दाम सांगितलंत ना? तुम्ही नाही म्हटल्यावर तो तिथंच मारणार, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

बाई बराच वेळ हसल्या. त्यांना तसं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. "मी अक्षर न् अक्षर खरं सांगितलं, सर. खरं सांगितलं की आबा उलटं करतात, त्याला मी काय करू?"

तीनही बोअरच्या नळ्या त्यांनी त्याच रिकाम्या मांडणीवर ओळीनं लावल्या. पोरांकडून प्रत्येकीवर कागद लावून घेतला, पूर्वीसारखाच. 'रानाचं नाव: आबांचा माळ. बोअर पहिला. रॉड पाचवा. पाणी: नाही.' पुढची नळी, पाणी: नाही. त्याच्या पुढची, पाणी: नाही. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनी सगळ्या नळ्या वाचल्या आणि आबांपाशीच तोंड भरून कौतुक केलं. "असा उपक्रम जिल्ह्यात कुठं बघितला नाही!" आबांना मान डोलवावी लागली. मला विचाराल तर माझं पोट तिथं पहिल्यांदा भरलं.

मग बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ त्याच स्टेजवर. बाईंचं नाव पुकारलं, त्या पायरीपर्यंत आल्या आणि थांबल्या. "मी वर येणार नाही. खाली माझी पोरं आहेत, त्यांच्यावर पाय देऊन मी उभी राहणार नाही." पालकांमध्ये तो गवंडी होता. त्यानं मान फिरवली. शेवटी शाल आणि नारळ घेऊन आबांनाच खाली उतरावं लागलं.

बाईंनी शाल घेतली. नारळ घेतला. आणि काय केलं माहितेय? तो नारळ तळहातावर आडवा ठेवला, आबांच्या भोवती सावकाश एक फेरी मारली, नारळाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "इथंही नाही, आबा."

अख्खं पटांगण हसलं. पोरं, पालक, मुकादमसुद्धा. मी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

हसून झाल्यावर बाई माझ्याकडं आल्या आणि त्यांनी मांडणीच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "सर, ही तुमच्याकडं राहू दे. किल्ली द्यायची सवय तुम्हालाच आहे."

मी किल्ली खिशात टाकली. एवढी वर्षं मला वाटत होतं, मला सोडलं त्यांनी. नव्हतं सोडलं. माझी पाळी त्यांनी शेवटाला ठेवली होती.

गेल्या उन्हाळ्यात बाई माधवनगरला वारल्या. बहिणीचा फोन आला. मी निघालो, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हणजे मी फक्त ऐकलं.

परवा मुकादम पुन्हा दारात उभा राहिला. म्हातारा झालाय आता. "सर, त्या खोलीत कम्प्युटरचा वर्ग करायचा हाय. नळ्याबिळ्या काढायच्यात. आबांनी किल्ली मागितलीया."

माझा हात खिशात गेला. सवयीनं गेला, लपवत नाही. किल्ली बोटांना लागली आणि मी ती मुठीत घट्ट धरली.

"आबांना म्हणावं, स्वतः या. मी खोली उघडतो, एकेक नळी हातात देतो आणि प्रत्येक कागद त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतो. सगळ्या वाचून झाल्या की मग बोलू."

मुकादम माझ्या तोंडाकडं बघत राहिला. "सर, खरंच असं सांगू?"

"सांग. आणि त्यांनी विचारलं ना, की सर असं म्हणाले हे तू बघितलंस, का ऐकलंस, तर म्हणावं, बघितलं."