भरवेली: बाबांनी दुसरा संसार मांडला ते गाव

कान्हाला जाणारे लोक बालाघाटला चहापुरते थांबतात. मी मात्र मुद्दाम बालाघाटलाच गेले, आणि तेही वाघ बघायला नाही. बुडापेस्टहून इलोना नावाच्या बाईचा मेसेज आला होता. ‘गाबोर तुमचे वडील असतील, तर ते माझेही आहेत. मी सहा वर्षांची असताना ते दोन वर्षांसाठी म्हणून भारतात गेले. त्यांना माझी कधी आठवण यायची का?’

माझे बाबा हंगेरियन. बालाघाटजवळच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीत पंप बसवायला आले, माझ्या आईशी लग्न केलं आणि इथलेच झाले. वरण-भात हाताने कालवून खायचे. हंगेरीचा विषय निघाला की म्हणायचे, “तिकडे माझं कोणी नाही.” इतकी वर्षं मी हे खरं मानत आले. आता आई नाही, बाबाही नाहीत, म्हणजे भांडायचं कोणाशी? बाबांबरोबर खाणीत काम केलेले रामजीकाकाही गेले. पण त्यांच्या बायको, कौसल्याकाकू, अजून भरवेलीत आहेत असं कळलं. इलोनाला द्यायचं उत्तर सापडलं तर तिथेच सापडणार होतं.

नागपूरहून बसने निघाले. भंडारा, तुमसर, वाराशिवनी करत पाच तास लागले. पाठीचा भुगा झाला. जाणार असाल तर दिवाळीनंतर जा, उन्हाळ्यात नको. मुक्काम बसस्टँडजवळच्या लॉजवर केला. चादर स्वतःची न्या. सकाळी गरम पोहे-जलेबी खाल्ली. ती मात्र फर्मास होती.

भरवेलीसाठी ऑटो केला. ऑटोवाला म्हणाला, “दीदी, घूमनेवाले तो कान्हा जाते हैं. भरवेली में क्या देखोगी?”

“बाप का घर,” म्हटलं.

त्याने लगेच पन्नास रुपये कमी केले. बाबांच्या नावावर मला मिळालेली बहुधा ही एकमेव सवलत.

आमचं जुनं क्वार्टर दुसऱ्या कोणाचं झालं होतं. दारात मोटारसायकल उभी होती आणि तिच्या सीटवर काळसर धूळ बसली होती. मला काहीच वाटलं नाही. कौसल्याकाकू पलीकडच्याच गल्लीत राहतात. त्यांनी दार उघडलं आणि बघतच राहिल्या.

“तुले पाह्यलं अन् साहेबच दिसले व माय. तेच डोये!”

चहा झाल्यावर मी सरळच विचारलं, “काकू, बाबा तिकडच्या मुलीबद्दल कधी बोलले का?”

“हौ. मेली बिचारी. सहा वर्साची होती म्हने.”

मग सगळं बाहेर आलं. अक्षय तृतीयेला या भागात घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, नैवेद्य दाखवतात. एका वर्षी बाबा त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला आले आणि घागर बघून रडायला लागले. रामजीकाकांनी विचारलं, “काहून जी साहेब, कोन गेलं?” बाबा म्हणाले, “मुलगी.”

“तवापासून तिच्या नावानं लहान घागर भरून राह्यलो आमी,” काकू म्हणाल्या. “तुमी नागपूरले गेल्यावरबी साहेब दरसाली फोन करत. पोरीची घागर भरली का, इचारत.”

माझं डोकंच फिरलं. दरवर्षी तिथी लक्षात ठेवून भरवेलीला फोन करता येत होता. जिवंत पोरीला दोन ओळी लिहिता येत नव्हत्या! मेलेल्या मुलीसाठी रडलं की लोक चहा देतात, पाठीवर हात ठेवतात. टाकलेल्या मुलीसाठी रडलं असतं तर याच लोकांनी जाब विचारला असता. बाबांना हे पक्कं कळत होतं, आणि मला त्यांचा एवढा राग याआधी कधी आला नव्हता.

मी फोनमधला इलोनाचा फोटो काढून दाखवला. “काकू, ती जिवंत आहे.”

काकूंनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

“जित्या लेकराच्या नावानं पानी सोडलं म्या? इतकी वर्सं?”

“तुमचा काय दोष त्यात?”

“दोस कोनाचाबी असो, पानी तं माह्याच हातानं सुटलं.” त्यांनी फोटोसमोर हात जोडले. “तिले सांग, कौसल्या माफी मांगून राह्यली. मले मालूम नोहोतं म्हनावं.”

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय होतं ते आठवत नाही. वैनगंगेचा पूल कधी गेला, तेही कळलं नाही.

परदेशात नव्याने उभ्या राहिलेल्या माणसांचं आपल्याला फार कौतुक असतं. मलाही होतं, आणि बाबांची गोष्ट मी अभिमानाने सांगायचे. आता सांगवत नाही.

घरी येऊन इलोनाला सगळं खरं लिहिलं. आठवण यायची, दरवर्षी यायची, आणि स्वतःला सोपं जावं म्हणून त्यांनी तुला मारून टाकलं होतं. त्यांच्या वतीने माफी लिहायला बसले, तर हात चालेना. त्यांनी ती कधी मागितलीच नव्हती, मी कुठून आणू? म्हणून कौसल्याकाकूंची माफी लिहिली.

दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यात बाबांबद्दल एक अक्षर नव्हतं. तिने विचारलं होतं, ‘त्या बाईंना व्हिडिओ कॉल करता येईल का? मी धडधाकट आहे, हे त्यांना एकदा बघू दे.’